परभूमीतील मुले आणि वारशाचे पात्र : अमेरिकेतील जपानी बौद्धांचा अनुभव

देश सोडून परक्या भूमीवर संसार थाटणाऱ्या माणसाला आपण कोण आहोत, याविषयी फारसा संशय नसतो. त्याचे गाव, त्याची बोली, त्याची श्रद्धा ही त्याच्या सोबत आलेली असतात. प्रश्न उभा राहतो तो त्याच्या मुलांपुढे. घरात एक भाषा व शाळेत दुसरी, घरात एका नावाने हाक व शाळेत दुसऱ्या नावाने, आणि आई-वडिलांना जे पवित्र वाटते त्याविषयी शेजाऱ्यांच्या मनात शंका, अशा परिस्थितीत ही मुले वाढतात. घरचे त्यांना सांगतात, 'आपले विसरू नका'. बाहेरचे सांगतात, 'आमच्यासारखे व्हा'. या दोन आज्ञांचा मेळ कसा घालावयाचा, हे मात्र कोणी सांगत नाही.

प्रस्तुत लेखात या प्रश्नाचा विचार आम्ही एका विशिष्ट समाजाच्या अनुभवाच्या आधारे करणार आहोत. हा समाज म्हणजे हवाई बेटांत व अमेरिकेच्या पश्चिम किनाऱ्यावर स्थायिक झालेल्या जपानी बौद्धांचा. त्याची निवड करण्यास दोन कारणे आहेत. एक, त्यांच्या मुलांच्या जडणघडणीत विहारांनी प्रत्यक्ष भाग घेतला. दुसरे, या समाजावर आलेले प्रसंग कायदे, न्यायनिर्णय व शासकीय अहवाल यांत नोंदले गेले असल्यामुळे केवळ भावनेवर विसंबून विवेचन करावे लागत नाही.

भांडे आणि भांड्याचे नाव

मूळ विषयाकडे वळण्यापूर्वी पालि साहित्यातील दोन स्थळांचा निर्देश करणे आम्हांस आवश्यक वाटते. मज्झिम निकायातील अरणविभंग सुत्तात 'जनपदनिरुत्ति', म्हणजे त्या त्या जनपदातील बोली, हा विषय आला आहे. एकाच भांड्याला एका जनपदात 'पाती' म्हणतात, दुसऱ्यात 'पत्त', आणखी कोठे 'वित्थ', तर कोठे 'सराव'. आपल्याच जनपदाचा शब्द तेवढा खरा आणि इतरांचे खोटे, असा हट्ट धरल्याने कलह उत्पन्न होतो. म्हणून भगवान बुद्धांनी दोन गोष्टी टाळण्यास सांगितल्या : बोलीविषयीचा अभिनिवेश आणि लोकसंकेताचे उल्लंघन. ज्या जनपदात जावे तेथील शब्द वापरावा. मात्र त्या शब्दालाही चिकटून बसू नये, असा त्याचा आशय आहे.

दुसरे स्थळ विनयपिटकाच्या चुल्लवग्गातील आहे. ब्राह्मण कुळातून आलेल्या दोन भिक्खूंनी बुद्धवचन छंदस् भाषेत बांधण्याची अनुमती मागितली. भगवंतांनी ती नाकारली व बुद्धवचन 'सक निरुत्ती'त, म्हणजे स्वतःच्या बोलीत, शिकण्याची मोकळीक दिली. येथे 'स्वतःची' म्हणजे कोणाची, याविषयी मतभेद आहेत. आचार्य बुद्धघोषांनी भगवंतांची मागधी असा अर्थ घेतला. आधुनिक अभ्यासकांपैकी अनेक जण शिकणाऱ्याची बोली असा अर्थ घेतात. वाद काहीही असो, धम्म एका प्रतिष्ठित भाषेत कोंडला जाऊ नये ही दृष्टी या प्रसंगात स्पष्ट आहे.

परदेशी वाढणाऱ्या मुलांच्या संदर्भात हे भेदज्ञान फार उपयोगी पडते. कुटुंबाचा वारसा हे भांडे. भाषा, नाव, पोशाख, विधी ही त्याची जनपदागणिक बदलणारी नावे. कोणते भांडे व कोणते नाव, हे ओळखण्यात पालकांची चूक झाली की मुलांची कोंडी होते.

नागरिक मुले, परके पालक

जपानी शेतमजुरांची शासकीय करारानुसार पहिली मोठी तुकडी इ.स. १८८५ मध्ये हवाईतील उसाच्या मळ्यांवर पोहोचली. हिरोशिमा, यामागुची, कुमामोटो, फुकुओका या भागांतून पुढे बरेच लोक आले. या भागांत जोडो शिन्शू या बौद्ध संप्रदायाचा प्रभाव मोठा होता. म्हणून मजुरांपाठोपाठ धर्मोपदेशकही आले. इ.स. १८९९ मध्ये या संप्रदायाचे दोन उपदेशक सॅन फ्रान्सिस्को येथे उतरले व मुख्य भूमीवरील संघटित कार्यास आरंभ झाला.

या समाजाने आपल्या पिढ्यांना क्रमांकावरून नावे दिली : स्थलांतर करणारे ते 'इस्सेई', त्यांची मुले 'निसेई', नातवंडे 'सान्सेई'. इस्सेई व निसेई यांच्यात कायद्यानेच भिंत उभी केली होती. अमेरिकेच्या जुन्या कायद्यानुसार परदेशात जन्मलेल्यांपैकी गोऱ्या आणि, इ.स. १८७० नंतर, आफ्रिकी वंशाच्या व्यक्तींनाच नागरिकत्व घेता येत असे. जपानी माणूस यांपैकी कशातच बसत नव्हता. मात्र राज्यघटनेच्या चौदाव्या दुरुस्तीमुळे अमेरिकेच्या भूमीवर जन्मलेले त्याचे मूल जन्मतः नागरिक होते. कॅलिफोर्नियाने इ.स. १९१३ मध्ये नागरिकत्वास अपात्र परकीयांना शेतजमीन खरेदी करण्यास मनाई केली, तेव्हा अनेक इस्सेईंनी आपल्या लहान मुलांच्या नावे जमिनी घेतल्या. ज्या मुलाने घरात वडिलांची आज्ञा पाळावयाची, तेच मूल बाहेर कायद्याच्या दृष्टीने वडिलांपेक्षा अधिक अधिकारी ठरले.

दोन टोके

अशा स्थितीत काही पालकांनी एक टोक पकडले. ताकाओ ओझावा हे त्याचे प्रसिद्ध उदाहरण होय. त्यांचे शिक्षण कॅलिफोर्नियात झाले होते. घरात इंग्रजीच बोलावयाची, मुलांना अमेरिकन शाळांत व कुटुंबाला अमेरिकन चर्चमध्ये पाठवावयाचे, असा त्यांचा परिपाठ होता. या आधारावर त्यांनी नागरिकत्व मागितले. इ.स. १९२२ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने त्यांचे चारित्र्य व शिक्षण यांविषयी शंका नसल्याचे मान्य केले आणि तरीही ते 'गोरे' नाहीत म्हणून अर्ज फेटाळला.

पुढच्याच वर्षी, इ.स. १९२३ मध्ये, भगतसिंग थिंद या पंजाबी गृहस्थांचे प्रकरण त्याच न्यायालयापुढे आले. त्यांची बाजू उच्चवर्णीय हिंदू असण्यावर, आर्य रक्तावर आणि जातिव्यवस्थेने राखलेल्या कथित शुद्धतेवर उभी होती. तीही फेटाळली गेली. आमच्या वाचकांना या दोन निर्णयांचे मर्म चटकन कळेल. एकाने कर्माचा आधार घेतला, दुसऱ्याने जन्माचा. न्यायालयाने पाहिला तो केवळ वर्ण. ओझावांच्या प्रकरणातून एवढे निष्पन्न होते की, मुलांनी घरचे सर्व काही टाकून दिले तरी नव्या देशाचे दार उघडेलच असे नाही. दार उघडणे हे दाराच्या आतील माणसांचेही काम असते.

दुसरे टोक त्याहून वेगळे नव्हते. काही कुटुंबांनी मुलांना लहानपणीच आजी-आजोबांकडे जपानला शिकावयास धाडले. परत आल्यावर त्यांना 'किबेई' म्हणत. त्यांची जपानी उत्तम असे. परंतु इंग्रजी अडखळत असे आणि स्वतःच्या भावंडांतही ती परकी ठरत. जपानमध्ये ती अमेरिकन म्हणून ओळखली गेली होती, अमेरिकेत जपानी म्हणून.

शाळा सुटल्यानंतरची शाळा

बहुसंख्य कुटुंबे या दोन टोकांच्या मध्ये होती. त्यांची मुले दिवसा सरकारी शाळेत जात व ती सुटल्यावर जपानी भाषाशाळेत बसत. अशा अनेक शाळा विहारांनी चालविल्या होत्या. या शाळांमुळे मुले अमेरिकेशी एकनिष्ठ राहणार नाहीत, असा आरोप होऊन हवाईच्या शासनाने इ.स. १९२० पासून त्यांच्यावर निर्बंध आणले : शिक्षकांना परवाने, दर विद्यार्थ्यामागे वार्षिक एक डॉलर शुल्क, वेळेची व पाठ्यपुस्तकांची मर्यादा. पालकांनी न्यायालयात धाव घेतली. इ.स. १९२७ मध्ये 'फॅरिंग्टन विरुद्ध टोकुशिगे' या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने हे निर्बंध घटनाबाह्य ठरविले. निकालपत्रातील नोंदीप्रमाणे हवाईत त्या वेळी १६३ परभाषा शाळा होत्या. त्यांतील ९ कोरियन, ७ चिनी व उरलेल्या जपानी. जपानी शाळांतील विद्यार्थी २०,००० होते.

या वादाचा उत्तरार्ध उद्बोधक आहे. इ.स. १९४१ मध्ये अमेरिकन सैन्याला जपानी जाणणाऱ्या दुभाष्यांची गरज भासली. निसेई तरुणांची चाचणी घेतली असता बहुतेकांना कामापुरतीही जपानी येत नाही, असे आढळले. ज्या शाळांवर मुलांना 'जपानी' बनविण्याचा आरोप होता, त्यांचा भाषेपुरता परिणाम एवढाच होता! पुढे या कामी ज्यांचा मोठा उपयोग झाला, त्यांत तेच किबेई होते ज्यांच्याकडे सर्वाधिक संशयाने पाहिले गेले होते.

विहाराने काय केले

मुलांची जपानी अपुरी आहे, हे विहारांतील दूरदृष्टीच्या उपदेशकांनी लवकर ओळखले. हवाईतील होंग्वांजी संस्थेचे प्रमुख एम्यो इमामुरा यांनी इ.स. १९०० पासून १९३२ मधील निधनापर्यंत ही धुरा वाहिली. लोकशाही आणि बौद्ध विचार यांत विरोध नाही, असे त्यांनी इ.स. १९१८ मध्ये इंग्रजीतून मांडले. जन्माने इंग्रज असलेले अर्नेस्ट हंट इ.स. १९२४ मध्ये दीक्षित झाले. त्यांनी मुलांसाठी इंग्रजी वंदनाक्रम तयार केला व त्यांच्या पत्नी डोरोथी यांनी गीते लिहिली. रविवारचे वर्ग सुरू झाले. बसावयास बाके आली, वाद्य म्हणून ऑर्गन आला. या गीतांना तेथे 'गाथा' हाच शब्द रूढ झाला, ही गोष्ट पालिच्या अभ्यासकास विशेष आनंद देणारी आहे.

जुन्या लोकांना हे ख्रिस्ती चर्चचे अनुकरण वाटले आणि त्यात तथ्यही होते. परंतु थोडा विचार केला असता दिसते की, इस्सेईंचा स्वतःचा वारसाही भाषांतरितच होता. भारतात रचलेली सूत्रे चीनमध्ये चिनीत गेली आणि जपानी माणूस तीच चिनी अक्षरे जपानी उच्चाराने म्हणत आला. हिरोशिमाच्या शेतकऱ्यालाही त्यातील प्रत्येक शब्द कळत होता असे नाही. म्हणजे ज्याला 'मूळ' म्हणून जपावयाचे, तेही कधी काळी कोणीतरी आपल्या जनपदाच्या बोलीत आणलेले होते. निसेईंनी त्याच मार्गावर पुढचे पाऊल टाकले.

कुंपणाआडचा विहार

दि. ७ डिसेंबर १९४१ रोजी जपानने पर्ल हार्बरवर हल्ला केला आणि त्याच दिवसापासून बौद्ध उपदेशकांची धरपकड सुरू झाली. घराघरांतून जपानी पुस्तके व पत्रे जाळली वा पुरली गेली. दि. १९ फेब्रुवारी १९४२ च्या कार्यकारी आदेश क्र. ९०६६ अन्वये पश्चिम किनाऱ्यावरील जपानी वंशाच्या लोकांना घरादारातून उठवून दहा छावण्यांत डांबण्यात आले. अशा लोकांची संख्या सुमारे १,२०,००० होती. त्यांतील दोन-तृतीयांश लोक जन्माने अमेरिकन नागरिक होते, आणि निम्म्याहून अधिक बौद्ध होते. रोज सकाळी शाळेत राष्ट्रध्वजाला वंदन करून मोठी झालेली मुले आता काटेरी तारांच्या आतील शाळेत तेच वंदन करीत होती.

छावण्यांत टाकाऊ लाकडाच्या फळ्यांतून घरगुती वेदिका कोरल्या गेल्या आणि बराकींत वंदना चालू राहिली. अनेक ज्येष्ठ उपदेशक वेगळ्या तुरुंगांत असल्यामुळे जबाबदारी इंग्रजी बोलणाऱ्या तरुणांवर आली. इ.स. १९४४ मध्ये युटा राज्यातील टोपाझ छावणीत झालेल्या बैठकीत मुख्य भूमीवरील संस्थेचे नाव बदलून 'बुद्धिस्ट चर्चेस ऑफ अमेरिका' असे करण्यात आले व सूत्रे हळूहळू निसेईंच्या हाती गेली. 'चर्च' हा शब्द भीतीपोटी स्वीकारला गेला असे म्हणता येईल. परंतु त्याच नावात 'बुद्धिस्ट' हा शब्द ठामपणे पुढे ठेवला होता, हेही विसरता कामा नये.

याच काळात हजारो निसेई तरुण अमेरिकन सैन्यात लढत होते. सैनिकाच्या गळ्यातील बिल्ल्यावर धर्मदर्शक अक्षर कोरले जाई. ते प्रॉटेस्टंट, कॅथलिक व ज्यू या तिघांसाठीच होते. बौद्ध सैनिक देशासाठी मरू शकत होता. मात्र बौद्ध म्हणून त्याची नोंद होत नव्हती. युद्ध संपल्यावर बौद्ध तरुणांच्या संघटनांनी याविरुद्ध चळवळ करून बौद्धांसाठी स्वतंत्र अक्षर मिळविले. आमच्या मते निसेईंच्या परिपक्वतेचे हे उत्तम गमक होय. त्यांनी देश नाकारला नाही आणि धम्मही लपविला नाही. देशाच्याच नोंदवहीत धम्माचे नाव लिहिण्यास भाग पाडले.

मौनाची किंमत

या इतिहासाला दुःखाची एक बाजू आहे. छावणीतून बाहेर पडलेल्या बहुतेक निसेईंनी त्या वर्षांविषयी मुलांशी बोलणे टाळले. मुलांना अपमानाची झळ लागू नये, त्यांनी निर्वेधपणे अमेरिकन व्हावे, हा हेतू चांगलाच होता. परंतु अनेक सान्सेईंना आपल्या आई-वडिलांच्या बंदिवासाची माहिती घरातून मिळाली नाही. ती त्यांना मोठेपणी, विद्यापीठांत व ग्रंथालयांत मिळाली. भाषा गेली होती, आणि मौनामुळे इतिहासही जाऊ पाहत होता.

पुढे सान्सेईंनीच आई-वडिलांना बोलते केले. इ.स. १९८१ मध्ये शासकीय आयोगापुढे वृद्ध इस्सेई-निसेईंनी साक्षी दिल्या. इ.स. १९८८ च्या नागरी स्वातंत्र्य कायद्याने राष्ट्राने क्षमा मागितली व हयात असलेल्या प्रत्येक पीडितास २०,००० डॉलर देण्याचे ठरविले. अशी भरपाई ८२ हजारांहून अधिक व्यक्तींना मिळाली. येथे लक्षात घेण्याजोगी गोष्ट ही की, हा लढा ज्यांनी नेटाने लढविला त्यांतील अनेकांना जपानी बोलता येत नव्हते. शब्द हरवले होते, पण पूर्वजांवरील अन्यायाचे भान व तो सांगण्याचे धैर्य त्यांच्यापाशी होते.

आजही तेथील विहारांत उन्हाळ्यात 'ओबोन' साजरा होतो. महामौद्गल्यायनाने आपल्या मृत मातेची दुर्गतीतून सुटका केली, या उल्लंबन कथेशी हा उत्सव निगडित आहे. जपानी न येणारी चौथ्या-पाचव्या पिढीची मुले त्यात फेर धरून नाचतात. विहारांच्या सभासदांची संख्या मात्र गेल्या काही दशकांत घटली आहे, हे सांगितल्याशिवाय चित्र पूर्ण होणार नाही. दुसरीकडे, आठव्या वर्षाच्या आसपास आईसोबत जपानहून हवाईत आलेल्या मेझी हिरोनो इ.स. २०१३ मध्ये अमेरिकन सिनेटच्या पहिल्या बौद्ध सदस्य झाल्या, आणि अमेरिकन नौदलात इ.स. २००४ मध्ये पहिल्या बौद्ध धर्मोपदेशकाची नेमणूक झाली.

आपल्या परदेशस्थ कुटुंबांसाठी

आज आंबेडकरी बौद्ध कुटुंबे अमेरिका, ब्रिटन, कॅनडा, आखाती देश येथे राहत आहेत. ब्रिटनमध्ये पंजाबातून गेलेल्या आंबेडकरानुयायांनी वुल्व्हरहॅम्प्टन व बर्मिंगहॅम येथे विहार उभारले. या कुटुंबांतील मुलांपुढे निसेईंचाच प्रश्न आहे. किंबहुना तो दुहेरी आहे. त्या देशात ती भारतीय म्हणून ओळखली जातात. भारतीयांच्या मेळाव्यात मात्र आडनाव विचारले जाते आणि मग पुढचा प्रश्न न विचारताच समजतो. सिएटल नगरपरिषदेने फेब्रुवारी २०२३ मध्ये जातिभेदास कायद्याने मनाई केली. कॅलिफोर्नियात त्याच आशयाचे विधेयक विधिमंडळात संमत होऊनही ऑक्टोबर २०२३ मध्ये राज्यपालांनी ते नाकारले. यावरून प्रश्न किती जिवंत आहे, हे ध्यानात यावे.

अनेक पालक मुलांच्या हितासाठी जातीच्या इतिहासाविषयी मौन पाळतात. त्यांच्या वेदनेचा आम्ही आदर करतो. परंतु निसेईंचा अनुभव असा की, घराने जे सांगितले नाही ते मुलांना बाहेर कळतेच. फक्त तेव्हा त्यांच्याजवळ घरचे माणूस नसते. महाडचे तळे, नागपूरची दीक्षाभूमी ही नावे मुलांनी प्रथम परक्याच्या तोंडून, कदाचित हेटाळणीच्या सुरात, ऐकावीत यापेक्षा आजीच्या तोंडून ऐकावीत हे बरे.

भाषेविषयी मात्र पालकांनी अकारण खंत करू नये, असे आम्ही सुचवितो. मुलांना मराठी यावी यासाठी अवश्य झटावे. आजी-आजोबांशी बोलण्याचा तोच पूल आहे. पण मराठी आली नाही म्हणून धम्म गेला, असे समजणे हा अरणविभंग सुत्तात सांगितलेला अभिनिवेश होय. दि. १४ ऑक्टोबर १९५६ रोजी नागपूर येथे त्रिशरण-पंचशील पालित झाले व बावीस प्रतिज्ञा मराठीत दिल्या गेल्या. 'द बुद्ध अँड हिज धम्म' हा ग्रंथ बोधिसत्त्व डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी इंग्रजीत लिहिला व तो इ.स. १९५७ मध्ये प्रकाशित झाला. तेव्हा न्यू जर्सीत वाढणारी मुलगी तो ग्रंथ इंग्रजीत वाचते, तेव्हा ती मूळ ग्रंथ वाचत असते. भाषांतर वाचले ते आपण. आपल्या वारशाची ही तीन भाषांतील घडण त्या मुलांना समजावून सांगितली, तर आपण त्या वारशाच्या बाहेरचे आहोत ही भावना त्यांच्या मनात राहणार नाही.

शेवटी विहारांविषयी एक सूचना. निसेई धम्माजवळ राहिले ते केवळ उपदेशामुळे नव्हे. वंदना त्यांच्या भाषेत झाली, वर्ग त्यांनी चालविले आणि संस्थेचा कारभार त्यांच्या हाती आला, म्हणून राहिले. परदेशातील आपल्या विहारांत मुलांना मागच्या रांगेत गप्प बसविण्याची रीत असेल तर ती बदलावी. पालि गाथेचा अर्थ इंग्रजीत त्यांनीच सांगावा, १४ एप्रिलच्या सभेचे सूत्रसंचालन त्यांनीच करावे, आणि त्यांनी प्रश्न विचारले तर वडीलधाऱ्यांनी उत्तरे द्यावीत. उत्तर ठाऊक नसल्यास ते मुलांसोबत शोधावे.